बट नंबर बासष्ट

आमच्या घरमालकांनी सिनेमात मेलेला माणूस कधी पाहिला नाही. माणूस मरत असताना त्यांचं लक्ष बंदुकीकडे असायचं. नायकाचा धाकटा भाऊ नायकाच्या मांडीवर शेवटचे श्वास घेत असायचा, मागे सारंगी रडत असायची, काकू पदर डोळ्यांना लावून बसलेल्या असायच्या, आणि काका शांतपणे विचारायचे, "पण ते पिस्तूल उचललं कोणी?"

पिस्तूल खाली पडलंय हे आमच्यापैकी कोणाच्या लक्षातही आलेलं नसायचं. काका मात्र पुढची पंधरा मिनिटं त्या पिस्तुलाच्या काळजीत असायचे. भावाला अग्नी दिला, नायकानं राखेची शपथ घेतली, तरी ह्यांचा जीव त्या गोदामाच्या फरशीवर पडलेल्या पिस्तुलात.

मी मूळची अकोल्याची. नवा रायपूरला एका सरकारी प्रकल्पावर कंत्राटी नोकरी लागली म्हणून इकडे आले. नवा रायपूरला रस्ते भरपूर, माणसं तुरळक आणि बस त्याहून तुरळक, त्यामुळे खोली जुन्या शहरातच शोधत होते. एका गेटपाशी घुटमळले तर आतून एक ठेंगणा, पांढऱ्या मिश्यांचा माणूस म्हणाला, "काहून बेटा, कोणाले शोधून राहिली?" परक्या गावात घरची बोली कानावर पडली आणि मी भाडं न विचारता खोली पक्की केली. काकांचे आजोबा रेल्वेच्या नोकरीसाठी भंडाऱ्याकडून इथे आले होते. तीन पिढ्या रायपुरात गेल्या तरी घरात भाकर, ठेचा आणि रविवारी सकाळी विहारातली वंदना चुकलेली नव्हती.

पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, त्यांना सगळे 'कोतवाले बाबूजी' म्हणत. पोलिसांच्या शस्त्रागाराला तिकडे कोत म्हणतात आणि काका कोतात आर्मोरर होते. सकाळी शिपायांना बंदुका द्यायच्या, संध्याकाळी परत घ्यायच्या, पुसायच्या, तेल द्यायचं, मोडलं-तुटलं दुरुस्त करायचं. बत्तीस वर्षं त्यांनी हे केलं आणि एवढ्या वर्षांत कोणावर गोळी झाडायची वेळ त्यांच्यावर आली नाही. वर्षातून एकदा चांदमारीला जायचे तेव्हा त्यांच्या गोळ्या निशाणाच्या आसपासच्या मातीत जायच्या, हे काकूंनी मला पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं. काकांना त्याचं काही वाटत नसे. "चालवणं वेगळं अन् ओळखणं वेगळं," ते म्हणत. "हलवाई काय सगळी जिलेबी स्वतः खाते?"

त्या घरात कुठलीही वस्तू नुसती टेबलावर ठेवून चालत नसे. हातातून हातात द्यावी लागे. गेटची चावी, दुधाचं पातेलं, विजेचं बिल, सगळं. देताना काका विचारत, "संभाल ली?" घेणाऱ्यानं "संभाल ली" म्हणायचं, तोवर ते वस्तू सोडत नसत. कोतातला नियम त्यांनी घरी आणला होता. पहिल्या दिवशी मी चावी घेताना नुसतंच "हो" म्हटलं, तर आम्ही दोघं एकच चावी धरून गेटमध्ये बराच वेळ उभे. शेवटी आतून काकूंचा आवाज आला, "म्हण ना वो बाई संभाल ली, नाही तं तिथंच उभी राहशील." मी म्हटलं आणि चावी सुटली.

रविवारी दुपारी टीव्हीवर मारधाडीचा सिनेमा. काकूंच्या मालिका सोमवार ते शनिवार, हा त्या दोघांमधला जुना तह होता. काकांच्या मांडीवर लाल पाठीची एक लांब वही असायची. तिच्यात तीन रकाने आखलेले होते, सिनेमा, हत्यार आणि चूक. पहिले दोन रकाने लहान होते. तिसऱ्याला अर्धं पान दिलं होतं आणि तेही पुरत नसे.

इंग्रजांच्या काळातला सिनेमा लागला आणि गोऱ्या शिपायाच्या खांद्यावर बंदूक दिसली की काका खुर्चीच्या टोकाशी सरकत. "एसएलआर. हे रायफल तं इंग्रज गेल्यावर आली. इंग्रज गेला हे याले कोणी सांगितलं नाही काय?" खलनायक धाक दाखवायला पुन्हा पुन्हा पिस्तुलाची स्लाइड खटकन मागे ओढे. आम्ही घाबरायचो. काका मोजायचे, कारण प्रत्येक ओढीला एक न उडालेली गोळी बाहेर पडते. "एक गोळी पडली खाली. दुसरी पडली. धमकी देता देता रिकामा होऊन राहिला बावा." रिव्हॉल्व्हरला सायलेन्सर दिसला तर ते सरळ हसत सुटायचे. रिव्हॉल्व्हरचा आवाज चक्रीच्या फटीतून बाहेर येतो, नळीचं तोंड बांधून उपयोग नाही, हे त्यांनी मला इतक्या वेळा समजावलं की आता मी झोपेतही सांगेन. "सगळ्या खिडक्या उघड्या ठेवायच्या अन् दाराले कडी लावायची," ते म्हणायचे, "तसं आहे हे."

एकदा त्यांच्यासोबत टॉकीजमध्ये गेले आणि पुन्हा जायचं नाही असं ठरवून आले. पडद्यावरच्या ठाकुरानं दुनाली उचलली. एक बार. दुसरा बार. काका मान डोलावत होते. तिसरा बार निघाला आणि काका उठले. दुनालीला दोन नळ्या असतात, मध्ये काडतूस भरल्याशिवाय तिसरा बार निघतच नाही. "भैया, मॅनेजर को बुलाओ," त्यांनी दारावरच्या माणसाला सांगितलं. मॅनेजर खरंच आला आणि हात जोडून म्हणाला, "बाबूजी, पिक्चर हमने नहीं बनाई." काका म्हणाले, "बनाई नहीं, पर दिखा तो रहे हो." मी दोन्ही हातांनी तोंड झाकून बसले होते.

दिवाळीच्या आधी गोल बाजारात टिकल्यांच्या पिस्तुलांचे ठेले लागतात. तिथेही त्यांनी एका दुकानदाराला पंधरा मिनिटं धरलं, कारण डब्यावर नाव एका पिस्तुलाचं होतं आणि आत दुसरंच होतं. "बाबूजी, चालीस रुपये की है," दुकानदार काकुळतीला येऊन म्हणाला. शेवटी त्यानं पेन आणून सगळ्या डब्यांवरची नावं काकांकडून दुरुस्त करून घेतली. त्या वर्षी रायपुरातल्या त्या एका ठेल्यावर सगळी पिस्तुलं बरोबर नावानं विकली गेली असतील.

ह्या सगळ्याला आम्ही हसायचो आणि आमच्या हसण्याला काकाही हसायचे. पण दोन गोष्टींवर ते हसत नसत. एक म्हणजे गोळ्या संपल्या की नायक बंदूक फेकून देतो, ते. "फेकली," एवढंच म्हणायचे. चहा समोर आला तरी घ्यायचे नाहीत. बत्तीस वर्षं ज्या माणसानं प्रत्येक हत्यार हातातून हातात घेतलं, त्याला ते बघवत नसे.

दुसरी गोष्ट म्हणजे लाकूड. सिनेमातली बंदूक खरी नसून लाकडाची किंवा रबराची आहे हे त्यांना क्षणात कळायचं. पळणाऱ्या माणसाच्या हातात ती जास्त हलायची, ठेवताना आवाज वेगळा यायचा, खांद्याचा पट्टा ताणलेला नसायचा. मग चुकीच्या रकान्यात ते 'लाकूड' एवढा एकच शब्द लिहायचे आणि त्याच्याखाली दोन रेघा ओढायचे. "हे बनवणाऱ्याले लाज नाही वाटत?" ते विचारायचे. "आपल्या हातानं खोटं बनवते अन् त्याचे पैसे घेते."

हे ऐकून त्या घरातलं एक माणूस दर रविवारी खाली मान घालून बसायचं, ते मला पुढे कळलं.

ती त्यांची मुलगी सुजाता. माझ्याच वयाची. तिनं चित्रकलेचा डिप्लोमा केला होता आणि घरी सगळ्यांना ठाऊक होतं की ती नवा रायपूरला एका इंटेरियरवाल्याच्या ऑफिसात कामाला आहे. मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र हिंदीत द्यायची. एके संध्याकाळी मी गच्चीवर कपडे काढत असताना ती वर आली आणि म्हणाली, "दीदी, आज आपकी बस में क्या हुआ?"

बस पंक्चर झाली होती, ते मी सांगितलं. तिनं खोदून खोदून विचारलं. कुठे झाली, किती वेळ लागला, ड्रायव्हर काय म्हणाला. दुसऱ्या दिवशी काका मला म्हणाले, "सुजाताची बसही काल पंक्चर झाली होती. तुमच्या दोघींच्या बसचे टायर एकाच दिवशी कसे जाते, मले समजून नाही राहिलं."

मलाही समजलं नव्हतं. मी तिला धरलं, तेव्हा गच्चीच्या कठड्याला टेकून तिनं सगळं सांगितलं. नवा रायपूरचं ऑफिस वगैरे काही नव्हतंच. छत्तीसगढी सिनेमांचं शूटिंग करणाऱ्या एका मंडळीसाठी ती सामान बनवायची. देवाचे मुकुट, दारूच्या बाटल्या, तलवारी. आणि बंदुका. लाकडाच्या.

"पापा को बता दे ना," मी म्हटलं.

"एक बार उन्होंने मेरी वाली देखी थी," ती म्हणाली. "टीव्ही पे. चौथे गुंडे के हाथ में, दो सेकंड के लिए." काकांनी त्या दोन सेकंदांत म्हटलं होतं, "लाकूड. रंगही वाळला नाही याचा." आणि रंग खरंच वाळला नव्हता, घाईत दिला होता. सुजाता ताटावरून उठून गेली होती. काकांना वाटलं, भाजी तिखट झाली.

त्या दिवसापासून पोरीनं एकच गोष्ट मनाशी धरली होती. एक तरी बंदूक अशी बनवायची, की पापा तिला लाकूड म्हणणार नाहीत. ते झालं की मगच घरी सांगायचं. आणि तशी संधी आता तिच्या हातात आली होती. अभनपूरजवळच्या एका गावात नव्या सिनेमाचं शूटिंग सुरू होतं, त्यात एका म्हाताऱ्या हवालदाराच्या घरच्या भिंतीवर जुनी थ्री नॉट थ्री रायफल टांगलेली हवी होती.

मी म्हटलं, बनव. मला काय ठाऊक होतं की पुढचे पंधरा दिवस मला कशाकशाबरोबर जवसाची चटणी खावी लागणार आहे.

झालं असं, की जुन्या रायफलीच्या लाकडाला जवसाचं तेल चोळतात. सुजातानं एका सुताराच्या दुकानात बसून सागवान घासलं, पाण्याच्या पाइपातून नळी काढली, लेथवाल्याकडून मागे-पुढे सरकणारा बोल्ट करून घेतला, आणि मग रोज तेल चोळू लागली. वास तिच्या हातांना, ओढणीला, केसांना. पहिल्याच दिवशी काका जेवता जेवता थांबले. "घरात कोताचा वास येऊन राहिला," ते म्हणाले आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही सुख पसरलं की मला हसावं की वाईट वाटून घ्यावं कळेना.

"चटणी केली जवसाची," काकू म्हणाल्या. त्या क्षणी मला कळलं की काकूंना सगळं माहीत आहे. चटणी केलेली नव्हती. पण एकदा बोलल्या म्हटल्यावर ती करावी लागली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा, आणि तिसऱ्या दिवशीही. भाताशी चटणी, भाकरीशी चटणी, तांदळाच्या चिल्याशी चटणी. काका म्हणायचे, "तुही चटणी दिवसेंदिवस कोतासारखी होऊन राहिली." काकू म्हणायच्या, "खा मुकाट्यानं."

काही महिन्यांनी सिनेमा लागला आणि आम्ही निघालो रविवारच्या दुपारच्या खेळाला. पुन्हा ह्यांच्यासोबत टॉकीजमध्ये जायचं नाही ही माझी प्रतिज्ञा सुजातासाठी मोडली. आम्ही चौघं एका रांगेत बसलो. काका, काकू, मी आणि टोकाला सुजाता. पहिला अर्धा तास काकांचं नेहमीचं चाललं होतं. इन्स्पेक्टरच्या कमरेचं पिस्तूल रबराचं निघालं. "लाकूड परवडलं," काका म्हणाले. ते सुजाताचं नव्हतं, तरी तिची बोटं माझ्या मनगटात रुतली.

मग म्हातारा हवालदार पडद्यावर आला. त्यानं भिंतीवरून रायफल काढली, मांडीवर घेतली आणि गमछ्यानं तिचा दस्ता पुसला. कॅमेरा जवळ गेला. दस्त्यावर, म्हणजे बटवर, पांढऱ्या रंगात आकडा होता, बासष्ट, आणि त्याच्या शेजारी लाकडाचा एक लहानसा चौकोनी जोड.

मी वाट पाहत होते, सुजाता वाट पाहत होती, काकूंनी तर मान वळवून पडद्याऐवजी नवऱ्याकडेच पाहायला सुरुवात केली होती. काकांनी चष्मा काढला, पुसला, घातला. पुढे वाकले. लाकूड हा शब्द आला नाही. सुजाताचे डोळे भरून आले आणि ती माझ्या कानात म्हणाली, "दीदी, नहीं बोले."

तेवढ्यात काका उभे राहिले. "बासष्ट," ते म्हणाले.

"बाबूजी, बैठो ना," मागून कोणीतरी.

"बासष्ट नंबर आहे हे. माह्या कोतातली." आणि ते लोकांचे गुडघे ओलांडत रांगेतून बाहेर पडले.

आम्ही मागे धावलो. बाहेर उन्हात ते रिक्षावाल्याला पोलीस लाइनचं भाडं विचारत होते. चेहरा पार उतरलेला. तिथे, पानठेल्यासमोर उभं राहून, त्यांनी आम्हाला जे सांगितलं त्यानं आमच्या पायाखालची जमीन सरकली. नव्या रायफली आल्या तेव्हा सगळ्या जुन्या थ्री नॉट थ्री मोडीत निघाल्या. बासष्ट नंबर काकांनी आपल्या हातानं पेटीत ठेवली होती आणि ती मोडीत गेली म्हणून कागदावर सही केली होती. "ते जिवंत आहे," काका म्हणाले. "सिनेमात फिरून राहिली. म्हणजे माही सही खोटी. मले आत्ताच्या आत्ता जाऊन गुन्हा लिहवून द्यायचा आहे. पहिलं नाव माहं."

मला आधी वाटलं ते थट्टा करताहेत. पण त्यांनी रिक्षात एक पाय ठेवलाही होता. ज्या सहीवर त्यांची बत्तीस वर्षं उभी होती, तीच त्यांना खोटी वाटत होती. मला फार वाईट वाटलं, आणि भीतीही. लाइनमध्ये गेले असते तर आजची पोरं त्यांच्या तोंडावर हसली असती, किंवा न हसता खरंच चौकशी लावली असती. दोन्हींपैकी काय वाईट, सांगता येत नव्हतं.

"पापा," सुजाता म्हणाली, "वो लकड़ी है."

"लाकूड मले शिकवतं तू?"

"लकड़ी है, पापा. मैंने बनाई है. आपकी कसम."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि काकूंना म्हणाले, "पाहा. बाप अडचणीत येईल म्हणून पोट्टी खोटं बोलून राहिली." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. आयुष्यभर लोकांच्या बंदुकांना लाकूड म्हणणारा माणूस, आणि आज लाकडाला लाकूड म्हणायला तयार नव्हता.

काकूंनी त्या वेळी जे केलं त्याला तोड नाही. त्या म्हणाल्या, "अहो, जाता ठीक आहे. पण अर्ज कुठे आहे? कोतात तोंडी काही चालते काय?"

काका थांबले. चालत नाही, हे त्यांना कबूल करावं लागलं. अर्ज लिहायला घरी जावं लागणार होतं. त्यांना रिक्षात बसवता बसवता काकूंनी आम्हाला डोळ्यांनी खूण केली आणि सुजातानं स्कूटी काढली. मी मागे. सिनेमावाल्यांचं गोदाम शहराच्या दुसऱ्या टोकाला, चावी ज्याच्याकडे तो जेवायला गेलेला. त्याला ताटावरून उठवलं. रायफल चादरीत गुंडाळून मी मांडीवर आडवी धरली आणि भर दुपारी आम्ही रायपुरातून तशा परत आलो. चौकातल्या शिपायानं आमच्याकडे पाहिलं तेव्हा मी चादरीवर थोपटलं. का, ते मला आजही कळत नाही.

घरी काका जेवणाच्या टेबलाशी बसून अर्ज लिहीत होते. काकूंनी त्यांना बराच वेळ गुंतवून ठेवलं होतं. आधी शाईचं पेन सापडेना, मग अर्ज हिंदीत की मराठीत, मग प्रत्येक वाक्य मोठ्यानं वाचून दाखवा. दीड पान झालं होतं. वळणदार अक्षरात शेवटचं वाक्य होतं की ह्या प्रकरणी जी शिक्षा होईल ती मला मान्य आहे.

सुजातानं चादर सोडली आणि रायफल दोन्ही हातांनी पुढे धरली. टेबलावर ठेवली नाही.

काका उठले. उभं राहताना त्यांची पाठ ताठ झाली. त्यांनी रायफल खालून धरली आणि चार किलोच्या तयारीनं उचलली. ती दोन किलोही नव्हती. हात भसकन वर गेले आणि नळी पंख्याला लागता लागता राहिली.

काकांनी रायफल सावकाश खाली घेतली. नळी वर करून बोल्ट मागे ओढला, आत बोट घालून रिकामी आहे ना ते पाहिलं. लाकडाची आहे हे कळल्यावरसुद्धा पाहिलं. मग दस्ता नाकाशी नेला आणि काकूंकडे वळले. "चटणी," ते म्हणाले.

"चटणीही केलीच होती," काकू म्हणाल्या.

ते खिडकीपाशी उजेडात गेले. त्या चौकोनी जोडावरून अंगठा फिरवत राहिले. एका शिपायाच्या हातून जीपच्या दारात अडकून बासष्ट नंबरचा दस्ता फुटला होता आणि काकांनी तिथे लाकडाचा तुकडा बसवला होता, हे मला काकूंनी नंतर सांगितलं. "याच्या रेषा आडव्या काहून आहेत?" त्यांनी विचारलं. "लाकडाच्या रेषा उभ्या पाहिजे."

"आपने आड़ा ही लगाया था, पापा," सुजाता म्हणाली. "दशहरे के दिन. मैं छोटी थी, आप मुझे कोत में ले गए थे. तेल मैंने लगाया था."

काका खाली बसले. त्या दसऱ्याला लाइनमध्ये शस्त्रपूजा होती. आम्ही पूजा करत नाही, पण हत्यार पुसायचं तं असतेच, असं म्हणून ते मुलीला घेऊन गेले होते. साहेब यायची वेळ झाली होती आणि घाईत त्यांनी तुकडा आडवा बसवला. वरून तेल चोळून चूक लपवली. सगळ्या रायपुरात ती कोणाच्या लक्षात आली नव्हती. "मले वाटलं होतं कोणी पाहिलं नाही," ते म्हणाले.

मग रायफल मांडीवर आडवी घेत त्यांनी विचारलं, "अन् नवा रायपूरचं ऑफिस?"

"नहीं है, पापा."

"किती दिवसांपासून नाही?"

"डेढ़ साल."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे टायर एकच पंक्चर झाला होता," ते म्हणाले. मी मान खाली घातली. ते दीड वर्ष रोज सकाळी सुजाताला बसची वेळ बजावून सांगत असत.

मला वाटलं आता ते रागावतील, आणि सुजातालाही तसंच वाटलं असणार, कारण ती भिंतीला टेकून उभी होती. काकांनी लिहिलेला अर्ज उचलला, उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहायला लागले. आम्ही वाकून पाहिलं. एक, वजन कमी, दस्त्यात शिसं भरावं. दोन, बोल्टचा आवाज बारीक आहे. तीन, पट्ट्याची कडी नवी दिसते. अशा सात दुरुस्त्या लिहिल्या. जोडाच्या रेषांबद्दल एक अक्षर लिहिलं नाही.

कागद सुजाताला दिला आणि मग रायफल पुढे केली. "संभाल ली?"

सुजातानं रायफल धरून नुसतीच मान हलवली. रायफल दोघांच्या हातात, कोणी सोडत नाही, कोणी घेत नाही. मला माझा चावीचा दिवस आठवला आणि हसूही येत होतं आणि रडूही.

"म्हण ना वो बाई," काकू म्हणाल्या, "नाही तं तिथंच उभी राहशील."

"सांभाळली, पापा," सुजाता म्हणाली. मराठीत. काकांनी रायफल सोडली.

पुढच्या रविवारी मी खाली गेले तेव्हा काका विहारातून यायचे होते आणि लाल पाठीची वही खुर्चीवर होती. मी ती उघडली, हे मला कबूल करायला हवं. त्या सिनेमाचं नाव पहिल्या रकान्यात होतं. हत्याराच्या रकान्यात लिहिलं होतं, थ्री नॉट थ्री, बट नंबर बासष्ट. चुकीच्या रकान्यात आधी 'लाकूड' लिहिलेलं दिसत होतं, सवयीनं दोन रेघाही ओढलेल्या होत्या, आणि मग ते सगळं नीट, एका सरळ रेषेत खोडलेलं होतं.

त्याच्याखाली लिहिलं होतं, 'चूक माझी. ओळखता आली नाही.'